450 अश्वशक्तीची शेव्हेल आणि 301 अश्वशक्तीची कॅमरी: दीडशे अश्वशक्ती गेली कुठे?

प्रश्न असा आहे. तुमच्या काकांनी ओहायोमध्ये 1970 ची शेव्हरोले शेव्हेल एसएस 454 घेतली आहे. तिच्या एलएस-6 इंजिनाची अश्वशक्ती कागदोपत्री 450 आहे. त्यांच्या शेजाऱ्याकडे टोयोटा कॅमरी व्ही-6 आहे, तिची अश्वशक्ती 301. तरीही शून्यापासून ताशी साठ मैलांपर्यंत पोहोचायला दोन्ही गाड्यांना जवळजवळ सारखाच वेळ लागतो, असे तुमच्या वाचनात आले. हे खरे आहे का, खरे असेल तर वरची दीडशे अश्वशक्ती जाते कुठे, आणि काकांनी गाडीत काय बदल करावेत, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. पुण्यात अभियांत्रिकी शिकून मी मिशिगनमध्ये आलो, त्याला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. हा सगळा काळ गाड्यांच्या चाचण्यांत, म्हणजे डायनोवर (इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) आणि चाचणी-मार्गावर गेला, आणि सुट्टीच्या दिवशी मी त्याच काळातल्या अमेरिकन गाड्यांवर काम करतो. त्यामुळे तिन्ही प्रश्नांची उत्तरे सविस्तर देतो. मैल, पौंड ही एकके मी मुद्दाम ठेवतो, कारण या गाड्यांच्या सगळ्या नोंदी त्यांतच आहेत. साठ मैल म्हणजे ताशी सुमारे 96 किलोमीटर आणि पाव मैल म्हणजे 402 मीटर, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण अर्धेच. साठ मैलांपर्यंत दोन्ही गाड्यांना सहा सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. पाव मैल पूर्ण होईपर्यंत मात्र शेव्हेल पुढे निघालेली असते. त्या काळच्या चाचण्यांत तिने हे अंतर साडेतेरा ते पावणेचौदा सेकंदांच्या दरम्यान कापले आहे, तर कॅमरीला सव्वाचौदा सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे शेव्हेलचे इंजिन खरोखरच अधिक बलवान आहे. फक्त ते दीडशे अश्वशक्तीने बलवान नाही, आणि जेवढे आहे तेवढे बळही पहिल्या सहा सेकंदांत रस्त्यावर उतरत नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. बहुतेक चर्चांमध्ये त्यांची सरमिसळ होते, म्हणून मी त्या एकेक करून सांगतो.

आधी आकड्याविषयी. 1971 पर्यंत अमेरिकन कंपन्या 'ग्रॉस' अश्वशक्ती जाहीर करत असत. इंजिन गाडीबाहेर डायनोवर चढवलेले असे. त्याला एअर क्लीनर नसे, अल्टरनेटर नसे, रेडिएटरचा पंखा नसे. गाडीखालच्या वळणावळणाच्या नळ्या आणि सायलेन्सर यांच्याऐवजी धूर मोकळा सोडणारे चाचणीचे हेडर लावलेले असत, आणि इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या प्रत्येक टप्प्याला ठिणगीचे टायमिंग, म्हणजे इंधन पेटवण्याचा क्षण, सर्वांत अनुकूल ठेवले जाई. असे इंजिन कुठल्याही ग्राहकाला कधीच मिळत नव्हते. 1972 च्या मॉडेलपासून 'नेट' पद्धत सर्वत्र आली. तीत इंजिन गाडीत जसे बसते तसेच, सगळ्या जोडसामानासह आणि खऱ्या सायलेन्सरसह मोजले जाते. 1971 हे संधिकालाचे वर्ष असल्यामुळे त्या वर्षी काही इंजिनांचे दोन्ही आकडे छापले गेले, आणि तेच आज आपल्याला सर्वांत उपयोगी पडतात. शेव्हरोलेच्या एलएस-5 या 454 घनइंची इंजिनाची ग्रॉस अश्वशक्ती 365, तर नेट 285 होती. क्रायसलरच्या प्रसिद्ध 426 हेमीची ग्रॉस 425 आणि नेट 350. इंजिन तेच आणि वर्षही तेच असताना केवळ मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे सत्तर-ऐंशी अश्वशक्ती कागदावरून उतरली. कॅमरीचा 301 हा आकडा नेट पद्धतीचा आहे. तेव्हा 450 आणि 301 शेजारी शेजारी लिहिणे म्हणजे एकाचे वजन ओल्या कपड्यांसह आणि दुसऱ्याचे कोरड्या कपड्यांत करण्यासारखे आहे.

मात्र यावरून सगळे जुने आकडे फुगवलेलेच होते, असा निष्कर्ष काढू नका. मला हा समज नेहमी खटकतो. विम्याचे हप्ते अश्वशक्तीवर ठरू लागले होते, शर्यतींच्या वर्गवारीतही जाहीर अश्वशक्ती धरली जात असे, आणि त्यामुळे काही कंपन्या आकडा मुद्दाम खाली ठेवत. फोर्डने 428 कोब्रा जेट इंजिनाला 335 अश्वशक्ती लिहिली. ब्यूइकने 1970 च्या जीएस 455 स्टेज-1 ला 360 लिहिली, आणि त्या गाडीचा पाव मैलाचा वेळ मात्र चारशेच्या वर लिहिलेल्या गाड्यांना घाम फोडणारा होता. शेव्हरोलेच्या एल-88 कॉर्व्हेटला 430 लिहिली गेली, कारण इंजिनाची शक्ती जिथे शिखराला पोहोचते त्याच्या बऱ्याच खालच्या फेऱ्यांचा आकडा कागदावर घेतला होता. म्हणून 'ग्रॉसमधून वीस टक्के वजा करा' असा सरसकट नियम लावणे चुकीचे आहे. प्रत्येक गाडीसाठी तिचा स्वतःचा पुरावा शोधावा लागतो.

असा पुरावा पाव मैलाच्या पावतीवर छापलेला असतो. ड्रॅग पट्टीवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडी पळवली की दोन आकडे मिळतात: लागलेला वेळ आणि शेवटच्या टोकाशी असलेला वेग. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या, तेव्हाही लोकांच्या तोंडी वेळच असे. इथेही तसेच असते. पण अनुभवी माणूस आधी वेग पाहतो. वेळ बिघडतो तो मुख्यतः सुरुवातीला, चाके जागच्या जागी फिरल्यामुळे. टोकाचा वेग मात्र पकडीवर फारसा अवलंबून नसतो, कारण तोपर्यंत इंजिनाने संपूर्ण अंतरभर केलेले काम त्यात साठलेले असते. यासाठी एक जुने सूत्र आहे. टोकाच्या वेगाला, ताशी मैलांत, 234 ने भागायचे, आलेल्या संख्येचा घन करायचा आणि त्याला चालकासह गाडीच्या पौंडांतील वजनाने गुणायचे. येणारी संख्या म्हणजे गाडीच्या इंजिनाची ढोबळ नेट अश्वशक्ती.

आता ते लावून पाहा. कॅमरी व्ही-6 चालकासह सुमारे 3,750 पौंडांची आणि तिचा टोकाचा वेग सुमारे 100 मैल. उत्तर 293 येते. कंपनी 301 म्हणते, म्हणजे सूत्र विश्वासार्ह आहे आणि कंपनीही. एलएस-6 शेव्हेल चालकासह सुमारे 4,000 पौंडांची आणि त्या काळच्या चाचण्यांत तिचा वेग 104 ते 108 मैलांच्या दरम्यान मिळाला आहे. 104 ला उत्तर 351 येते, 108 ला 393. तेव्हा तुमच्या काकांच्या गाडीत, इंजिन निरोगी असेल तर, आजच्या मापाने 350 ते 390 अश्वशक्ती आहे. कॅमरीशी असलेली तफावत दीडशेची नसून पन्नास ते नव्वदची आहे, आणि त्यातलाही काही भाग अडीचशे पौंडांचे जादा वजन ओढण्यात जातो. 7.4 लिटरच्या इंजिनासमोर 3.5 लिटरचे इंजिन इतक्या जवळ येते, हे पाहून मला आजही त्या नव्या इंजिनाच्या कर्त्यांविषयी आदर वाटतो.

याच सूत्राचा एक जुना, बोलका उपयोग सांगतो. मसल कारच्या, म्हणजे मध्यम आकारात दांडगे इंजिन असलेल्या अमेरिकन गाड्यांच्या, युगाची सुरुवात बहुतेक जण 1964 च्या पाँटियॅक जीटीओपासून धरतात. जॉन डीलोरियन यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या गाडीचे 389 घनइंची इंजिन बसवले. जनरल मोटर्सच्या नियमाप्रमाणे त्या आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून मोठे इंजिन चालत नव्हते, म्हणून ते स्वतंत्र मॉडेल न दाखवता जादा पैशांचा पर्याय म्हणून विकले गेले. तीन कार्बोरेटरसह तिची ग्रॉस अश्वशक्ती 348 होती. मार्च 1964 मध्ये 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने तिची चाचणी छापली: साठ मैल 4.6 सेकंदांत, पाव मैल 13.1 सेकंदांत, टोकाचा वेग 115 मैल. या आकड्यांनी एक पिढी भारावून गेली. आता चालकासह वजन अगदी साडेतीन हजार पौंड धरले, तरी 115 मैलांसाठी सूत्र 415 नेट अश्वशक्ती मागते. 348 ग्रॉसच्या इंजिनातून 415 नेट निघणे शक्यच नाही. पाँटियॅकच्या जाहिरातीचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी मान्य केले, की त्या गाडीत 389 नव्हे तर 421 घनइंची इंजिन होते. ज्यांना पावतीवरचा वेग वाचता येत होता त्यांना हे आधीच कळायला हरकत नव्हती. त्यामुळे जुन्या गाड्यांचे वेळ उद्धृत करताना चाचणीला दिलेली गाडी दुकानातलीच होती का, ही शंका मनात ठेवावी.

आता दुसऱ्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. शेव्हेलमध्ये पन्नास-नव्वद अश्वशक्ती खरोखर अधिक आहे, तर साठ मैलांपर्यंत ती पुढे का जात नाही? याचे उत्तर टायरमध्ये आहे, आणि माझ्या मते जुन्या व नव्या गाड्यांमधला सर्वांत मोठा फरक इंजिनाचा नसून टायरचा आहे. शेव्हेल एसएसला कारखान्यातून एफ70-14 मापाचे टायर येत. आजच्या मापात ते साधारण 225/70 आर14 होतात. ते बायस-प्लाय पद्धतीचे होते. त्यात दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात, त्यामुळे बाजू आणि माथा एकच ताठ कवच बनतो, आणि गाडी झुकली की माथा रस्त्यावर सपाट न राहता कडेला उचलला जातो. रेडियल टायरमध्ये बाजू लवचिक असते आणि माथ्याखाली पोलादी पट्टा असतो, म्हणून रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो. त्यात आजच्या रबराच्या मिश्रणाची भर पडते. माझ्या अनुभवाने जुन्या टायरचा घर्षणांक (पकडीचे माप) चांगल्या पट्टीवर 0.9 च्या आसपास आणि साध्या रस्त्यावर 0.8 पर्यंत मिळतो, तर आजच्या चांगल्या उन्हाळी रेडियलचा 1.1 पर्यंत जातो.

हा फरक वरवर लहान वाटतो, म्हणून हिशेब करून दाखवतो. शेव्हेलच्या नाकात अवजड लोखंडी इंजिन आहे, त्यामुळे स्थिर असताना मागच्या चाकांवर वजनाचा फक्त 43 टक्के भाग येतो, आणि गाडीला ढकलणारी चाके मागचीच आहेत. गाडी सुटताना वजन मागे सरकते. चाकांमधले अंतर 112 इंच आहे, गुरुत्वमध्याची उंची मी अंदाजे 53 सेंटिमीटर धरतो. 0.9 घर्षणांकाला ही गाडी जास्तीत जास्त 0.47 जी प्रवेग (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका) घेऊ शकते. संपूर्ण वेळ हाच प्रवेग टिकला तर साठ मैलांना 5.9 सेकंद लागतात. आणि मासिकांनी मोजलेला वेळ किती होता? सुमारे सहा सेकंद. याचा अर्थ शून्यापासून साठ मैलांपर्यंत जवळजवळ सगळा वेळ या गाडीला टायरने अडवून धरले होते. इंजिनाला अजून द्यायचे होते, पण रस्ता घेत नव्हता. तीच गाडी 1.1 घर्षणांकाच्या टायरवर उभी करा. मग प्रवेग 0.6 जी पर्यंत जातो, पकड ताशी पंचेचाळीस-पन्नास मैलांपर्यंतच आड येते, त्यापुढे इंजिन मर्यादा घालते, आणि वेळ पाच सेकंदांच्या जवळ येतो. इंजिनाच्या एका बोल्टलाही हात न लावता एक सेकंद मिळाला.

कॅमरीची चाके पुढून फिरतात. गाडी सुटताना वजन मागे सरकल्यामुळे तिची पकड उलट कमी होते. तरी स्थिर असताना साठ टक्के वजन पुढे असल्याने आणि 235 मिलिमीटर रुंद रेडियल टायर असल्याने तिला साधारण 0.48 जी मिळतात, म्हणजे शेव्हेलइतकेच. दोन्ही गाड्या साठ मैलांना एकत्र का पोहोचतात, याचे कोडे इथे सुटते. चारही चाके फिरवणाऱ्या गाडीला हा हिशेब लागूच होत नाही. तिचे सगळे वजन पकडीच्या कामी येते आणि घर्षणांक एक असेल तर ती जवळजवळ एक जी घेऊ शकते. तीन मोटरी आणि सुमारे 1,020 अश्वशक्ती असलेली टेस्ला मॉडेल एस प्लेड दोन टनांहून अधिक वजनाची असूनही पाव मैल सव्वानऊ सेकंदांच्या आसपास कापते, त्यामागे शक्तीइतकेच हे कारण आहे. शिवाय विजेच्या मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचे बळ, सेकंदाच्या हजाराव्या भागांत कमीजास्त करता येतो. चाक घसरायला लागायच्या आतच संगणक त्याला सावरतो. कार्बोरेटरच्या झडपेला पायाने सांभाळणाऱ्या चालकाला ते कधीच जमणार नाही.

वेळ पाहताना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. टेस्लाने प्लेडसाठी सांगितलेले 1.99 सेकंद आणि डॉजने 2023 च्या डीमन 170 साठी सांगितलेले 1.66 सेकंद हे गाडी पहिला एक फूट सरकल्यानंतर घड्याळ सुरू करून मोजलेले आहेत. ड्रॅग पट्टीवरच्या प्रकाशकिरणाच्या रचनेतून ही प्रथा आली आणि तीत सेकंदाचा पाव भाग सहज वाचतो. जुन्या चाचण्यांत ती सूट धरली होती की नाही, हे प्रत्येक वेळी तपासायला हवे.

इंजिन आणि गिअरबॉक्सविषयी थोडक्यात सांगतो. एलएस-6 मध्ये 11.25 दाबगुणोत्तर (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते) होते आणि त्यासाठी त्या वेळचे शिसेयुक्त प्रीमियम पेट्रोल लागे. कॅमरीचे इंजिन 11.8 गुणोत्तरावर साध्या 87 ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालते, कारण इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाऊन आतली हवा थंड होते आणि नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेटल्याने होणाऱ्या ठकठकीचा, आवाज टिपणारा सेन्सर ठिणगीचे टायमिंग क्षणोक्षणी मागेपुढे करतो. शेव्हेलमध्ये हे काम डिस्ट्रिब्युटरमधली वजने आणि स्प्रिंगा करत, आणि आपल्याकडचे गॅरेजवाले ज्याला सीबी पॉइंट म्हणतात तो ठिणगी पाडणारा स्विच झिजला की टायमिंग बिघडे. व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे हे तेव्हा कॅमशाफ्टवर कायमचे कोरलेले असे, त्यामुळे वरच्या फेऱ्यांसाठी बनवलेले इंजिन खाली अडखळत चाले. आज ती वेळ चालत्या इंजिनात बदलते. गिअर तीन किंवा चार होते, आज आठ ते दहा असतात. गिअर बदलल्यावर फेरे फार खाली पडत नाहीत आणि इंजिन सतत आपल्या शिखराजवळ राहते. जाहीर अश्वशक्ती सारखी असली, तरी गिअर जवळ जवळ असलेली गाडी पुढे जाते ती यामुळे. एका गोष्टीत मात्र जुने इंजिन मागे नाही: 3,600 फेऱ्यांना सुमारे 680 न्यूटन-मीटर टॉर्क, अर्थात हाही ग्रॉस मोजणीचाच आकडा. कॅमरीचा टॉर्क याच्या निम्म्याहून थोडासाच अधिक आहे. चौथ्या गिअरमध्ये चाळीस मैलांवरून नुसता पाय दाबला की शेव्हेल ज्या रीतीने पुढे सरसावते, त्या पिकअपची नोंद कुठल्याही पावतीवर होत नाही, पण ज्याने तो अनुभवला त्याला काकांनी ही गाडी का घेतली हे वेगळे सांगावे लागत नाही.

थांबण्याच्या आणि वळण्याच्या बाबतीत मात्र जुन्या गाडीची बाजू घेता येत नाही. साठ मैलांवरून थांबायला आजच्या चांगल्या गाडीला 33 ते 36 मीटर लागतात, तर त्या काळच्या गाड्यांना पंचेचाळीस आणि कित्येकदा त्याहून अधिक. चार हजार पौंडांच्या गाडीत साठ मैलांना सुमारे साडेसहा लाख जूल ऊर्जा असते आणि ती सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. 1964 च्या जीटीओला चारही चाकांवर साडेनऊ इंची ड्रम होते. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो आणि तो पट्ट्यापासून दूर जातो. पट्टाही तापून त्याची पकड जाते. काही वर्षांपूर्वी मी एका मित्राची तशीच ड्रमची गाडी बंद चाचणी-मार्गावर चालवली होती. साठ मैलांवरून पहिल्यांदा ती बऱ्यापैकी थांबली. लागोपाठ दुसऱ्यांदा लांब जाऊन थांबली. तिसऱ्यांदा पेडल नेहमीपेक्षा खोल गेले, पूर्ण जोर लावूनही वेग उतरेना, आणि पुढे मोकळा रस्ता होता म्हणूनच काही झाले नाही. त्या दिवसापासून मी कोणत्याही जुन्या गाडीच्या अश्वशक्तीआधी तिच्या ब्रेकची चौकशी करतो. काकांच्या शेव्हेल एसएसला पुढे डिस्क ब्रेक आहेत ही समाधानाची बाब आहे, पण मागे ड्रमच आहेत, आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा अर्थातच नाही.

वळणावर जुन्या टायरवरची शेव्हेल 0.7 जी च्या आसपास घसरू लागते. आजची मस्टँग जीटी 0.95 जी सहज घेते. याचा अर्थ एकाच वळणावरून नवी गाडी सुमारे सोळा टक्के अधिक वेगाने जाऊ शकते, कारण वेग पकडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. मागचा अखंड अ‍ॅक्सल, हातात फारसे काही न सांगणारे स्टिअरिंग आणि झिजलेले बुश हे त्यात भर घालतात. सरळ पाव मैलाची बरोबरी पाहून जे या गाड्या 'आजच्याइतक्याच वेगवान' म्हणतात, त्यांनी त्या घाटरस्त्यावर चालवून पाहिलेल्या नसतात.

तुम्ही विचारले नसले तरी एक गोष्ट नमूद करतो. खरी तुलना कॅमरीशी नसून त्याच घराण्यातल्या नव्या गाड्यांशी करायला हवी. 2018 च्या मस्टँग जीटीचे इंजिन फक्त 5 लिटरचे, 460 नेट अश्वशक्तीचे. डॉज चॅलेंजर हेलकॅट 2015 मध्ये 707 अश्वशक्ती घेऊन आली. डीमन 170 ने इथेनॉलमिश्रित ई-85 इंधनावर 1,025 अश्वशक्ती आणि पाव मैलाला 8.91 सेकंद गाठले, आणि तिला मागे ड्रॅगसाठीचे 315 मिलिमीटर रुंद टायर दिलेले होते. शक्ती वाढवायची तर आधी टायर वाढवावे लागतात, हे तिच्या कर्त्यांनी नीट ओळखले होते. डिसेंबर 2023 मध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात चॅलेंजरचे उत्पादन थांबले आणि त्याच महिन्यात मिशिगनमधल्या लॅन्सिंगला शेव्हरोले कॅमारोचे. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. त्या रस्त्यावर मी या दोन्ही पिढ्या शेजारी शेजारी उभ्या पाहिल्या आहेत. उन्हात तासभर रांगेत अडकल्यावर जुन्या गाड्यांची बॉनेटे उघडलेली असतात आणि नव्यांची काच बंद करून एसी चालू असतो. रोजच्या वापरात हाही कामगिरीचाच भाग आहे.

आता तिसरा प्रश्न. काही बदलण्याआधी गाडी खरोखर एलएस-6 आहे का, ते काकांना पाहायला सांगा. 1970 मध्ये हे इंजिन 4,475 गाड्यांतच बसवले गेले, आणि त्या वर्षीच्या शेव्हेलच्या गाडी-क्रमांकावरून इंजिन व्ही-8 आहे एवढेच कळते. एलएस-6 की त्या वर्षी 360 ग्रॉस अश्वशक्ती लिहिलेले एलएस-5, ते कळत नाही. त्यासाठी इंजिनावर ठोकलेला संकेत आणि कारखान्याचा बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवले त्याची यादी, लागतो. गाडी अस्सल असेल तर काढलेला प्रत्येक भाग, अगदी जुना सीबी पॉइंट आणि रबरी नळीसुद्धा, चिठ्ठी लावून खोक्यात जपून ठेवावा, कारण तिची किंमत मूळ भागांवर उभी आहे.

त्यानंतर पहिला खर्च ब्रेकवर करावा: नवे रबरी होज, नवे ब्रेक ऑइल, मागच्या ड्रमचे पट्टे आणि त्यांची योग्य अ‍ॅडजस्टमेंट, पुढच्या डिस्कसाठी चांगले पॅड. दुसरा खर्च मूळ मापाच्या जवळच्या रेडियल टायरवर. मूळ दिसणारे बायस-प्लाय टायर आजही नवे बनवून मिळतात. प्रदर्शनासाठी ते वेगळ्या रिमवर चढवून ठेवता येतील, पण रस्त्यावर रेडियलच असावेत. तिसरे काम सस्पेन्शनचे बुश आणि शॉक अब्सॉर्बर. चौथे, डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन. ते बाहेरून दिसत नाही आणि हवे तेव्हा काढून टाकता येते. 11.25 दाबगुणोत्तर असल्यामुळे पंपावरच्या 93 ऑक्टेनवर भर उन्हात चढाला नॉकिंग ऐकू आले, तर टायमिंग दोन-तीन अंश मागे घ्यावे. तेवढी शक्ती गेली तरी चालेल, पिस्टन जाता कामा नये. कार्बोरेटर, कॅम, हेडर यांना हात लावू नये. त्या इंजिनात जे आहे तेच अजून रस्त्यावर पूर्ण उतरलेले नाही.

आणि गाडी घेऊन पहिल्यांदा बाहेर पडण्याआधी सध्या चढवलेल्या टायरच्या बाजूवर कोरलेल्या डीओटी (अमेरिकन परिवहन खात्याच्या) संकेताचे शेवटचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. 2314 असे असेल तर तो टायर 2014 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. हौशी लोकांच्या गाड्या वर्षभरात जेमतेम पाचशे मैल फिरतात, म्हणून टायरची नक्षी नव्यासारखी खोल दिसते, पण आतले रबर वाळून कडक झालेले असते आणि वेगात त्याचा माथा सुटून येऊ शकतो. दहा वर्षांहून जुने टायर असतील तर काकांनी त्यांवर गाडी फक्त टायरच्या दुकानापर्यंत, तीही सावकाश न्यावी.